धुराड्याच्या छायेंतील माणसें

कारखानदाराचें चरित्र सांगतांना त्यानें किती माल विकला व किती संपत्ति मिळविली, येवढेंच सांगण्याची चाल पडली आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. त्याच्या धुराड्याच्या छायेंत जीं माणसें राहिलीं तीं कशीं राहिलीं, हें पाहिल्यावांचून त्याची योग्यता ठरवितां येत नाहीं. म्हणून लोखंडाच्या धंद्यांतील दोन गृहस्थांस येथें शेजारीं बसविण्याचें आम्ही योजिलें आहे.

पहिला विल्यम क्रॉशे. वेल्स देशांतील मर्थर गांवीं त्याच्या घराण्याचा कारखाना होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जगांतील मोठ्या लोखंडी कारखान्यांत त्याची गणना होई. १८२५ च्या सुमारास क्रॉशेनें टेकडीवर किल्ल्यासारखा वाडा बांधिला. त्याच्या खिडक्यांतून रात्रीं भट्ट्यांचा लाल उजेड दिसे. खालीं मजुरांच्या अरुंद गल्ल्या होत्या. तेथें ना शुद्ध पाणी, ना सांडपाण्याची वाट. १८४९ सालच्या पटकींत त्या गांवीं हजाराहून अधिक माणसें दगावलीं. त्यापूर्वीं १८३१ सालीं लोखंडाचा भाव उतरला तेव्हां क्रॉशेनें मजुरी कमी केली. आधींच कर्जांत बुडालेले लोक उठले, सैन्यानें गोळ्या झाडल्या, आणि रिचर्ड लुईस नांवाच्या तेवीस वर्षांच्या मजुरास कार्डिफ येथें फांशीं देण्यांत आलें. न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, मालकाच्याच दुकानांतून जिन्नस घेण्याची जी सक्ति इतर कारखानदार करीत, तिला क्रॉशेचा विरोध होता. तो दुष्ट नव्हता. त्याची दृष्टि वाड्याच्या खिडकीतून पडत होती, इतकेंच. त्याचा मुलगा रॉबर्ट १८७९ सालीं वारला. त्याच्या थडग्यावरील प्रचंड शिळेवर नांवाखालीं ‘देवा, मला क्षमा कर’ येवढेंच कोरलें आहे. पुढें त्या वाड्यांत १९१० सालीं पदार्थसंग्रहालय उघडलें.

योगायोग असा कीं, त्याच १९१० सालीं आपल्या महाराष्ट्रांत निवडुंगांनीं भरलेल्या एका माळावर दुसरा लोखंडी कारखाना उभा राहत होता. तो लक्ष्मणराव किर्लोस्करांचा.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगांव जिल्ह्यांतील. चित्रकला शिकण्यास ते मुंबईस आले. परंतु कांहीं रंग त्यांस ओळखतां येत नसत, म्हणून ती वाट बंद झाली. मग यंत्रांचें रेखाटन शिकून ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. तेथें आपल्या हक्काची बढती अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास मिळाल्यावर त्यांनीं नोकरी सोडली व बेळगांवीं बंधु रामुअण्णांबरोबर सायकलींचें दुकान चालविलें. पुढें कडबा कापण्याचें यंत्र, आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं! परीक्षेंत एकदां नापास झाल्याबरोबर मुलाच्या भवितव्याविषयीं निराश होणाऱ्या पालकांनीं या दोन वर्षांचा विचार करावा.

बेळगांवची जागा नगरपालिकेच्या योजनेमुळें सोडावी लागली, तेव्हां औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ सुमारें ३२ एकर माळ व १०,००० रुपये कर्ज दिलें. तेथें पाण्याची वाण, सापांचा सुळसुळाट. सोबत्यांनीं आधीं कुटुंबांसह झोंपड्या घातल्या, मग कारखाना उभारला. पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेना, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं पन्हाळ्यावरील जुन्या तोफा दिल्या व त्यांचे नांगर झाले.

परंतु आमच्या मतें लक्ष्मणरावांची खरी परीक्षा नांगरांत नव्हे, वाडींत झाली. तेथें मालक टेकडीवर राहत नव्हता. शिवाशीव त्यांस मान्य नव्हती. आणि तुरुंग भोगून आलेल्या माणसांस त्यांनीं रात्रीचा पहारा सोंपविला. आमच्या उपनगरांतील इमारतींत पहारेकरी ठेवतांना त्याचीं किती कागदपत्रें आपण मागतों! लक्ष्मणरावांनीं त्यांच्या हातीं काठी दिली, आणि विश्वासास ती माणसें उतरलीं.

या व्यवस्थेंत दोष नव्हताच असें आमचें म्हणणें नाहीं. घर, पाणी व शाळा एकाच हातांतून येऊं लागल्या म्हणजे त्या हाताविरुद्ध बोलणें कठीण जातें. मालक भला असला तरी सुद्धां. भलेपणा वारसाहक्कानें मिळत नसतो, म्हणून कायदा व कामगारांची संघटना यांची आवश्यकता राहतेच. मर्थरच्या मजुरांस तें रक्त सांडून शिकावें लागलें.

हा विषय आमच्या वाचकांस दूरचा वाटूं नये. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा रस्ता एके काळीं भोंग्यांवर उठत असे व भोंग्यांवर जेवत असे. त्यांपैकीं पुष्कळ कारखाने आतां बंद झाले असून त्यांच्या जागीं उंच इमारती व बाजार उभे आहेत. विक्रोळीस गोदरेज यांनीं कामगारांसाठीं वसाहत वसविली व १९५५ सालीं उदयाचल शाळा काढली. पण अशीं उदाहरणें थोडीं. जमिनीचा भाव किती आला, हें आपल्याकडे सर्वांस तोंडपाठ असतें. त्या जमिनीवर तीस-तीस वर्षें घाम गाळलेलीं माणसें कोठें गेलीं, हें कोणी विचारीत नाहीं. त्यांपैकीं कित्येक आमच्याच विद्यार्थ्यांचे आजोबा आहेत. सुटींत त्यांच्याजवळ बसून, मालकाचें घर कारखान्यापासून किती दूर होतें, तो कधीं चाळींत येत असे काय, आणि कारखाना बंद झाला तें त्यांस कोणीं व कसें सांगितलें, येवढें तरी मुलांनीं विचारून लिहून ठेवावें.