पैसे गेले, पोच कुठाय?

पूर्वी मनीऑर्डर केली की काही दिवसांनी पोस्टमन एक चिठोरं आणून द्यायचा. त्यावर पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. ती पोच हातात पडली की मगच घरातली म्हातारी माणसं "चला, पोचले एकदाचे" म्हणून निश्वास टाकायची. वेळ लागायचा, पण प्रकार सरळ होता. पैसे वाटेत आहेत की पोचले, एवढं तरी कळायचं.

'पोच' हा मोठा गमतीचा शब्द आहे. पावती म्हणजे पोच, आणि समज म्हणजेही पोच. कुठे काय बोलावं हे ज्याला कळत नाही त्याला आपण पोच नसलेला म्हणतो. हल्लीच्या पैसे पाठवायच्या ॲपांकडे पाहिलं की मला वाटतं, यांच्याकडे दोन्ही अर्थांनी पोच कमी आहे!

मी गेली बारा वर्षं वेबसाइट आणि ॲपच्या दर्शनी भागाचं काम करते. म्हणजे बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, चूक झाली तर पडद्यावर काय दिसावं, असली कामं. त्यामुळे कुठलंही ॲप उघडलं की हात आपोआप 'हेल्प' शोधायला जातो. घरचे हसतात, पण दुकान कसं आहे ते काउंटरवर कळत नाही, माल परत करायला गेल्यावर कळतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी कौतुक करते. २०१६ साली यूपीआय आलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले व्यवहार २,००० कोटींच्या पुढे गेले. हे काही नुसत्या तंत्रज्ञानाने होत नाही. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना न शिकवता वापरता येईल असा पडदा कुणीतरी डोकं लावून बनवलाय. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे दुकानातला तो बोलका डबा. "चाळीस रुपये प्राप्त झाले" असं तो मोठ्याने सांगतो. भाजीवालीला मोबाइल बघायला नको, गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट खरा की खोटा याची चिंता नको, हातातली जुडी खाली ठेवायलाही नको. ही खरी पोच!

आता तक्रार. सगळी कलाकुसर पैसे जाईपर्यंतच आहे. गेले की हिरवी खूण, आवाज, फटाके, वर कुठलं तरी कूपन. आणि मधेच अडकले तर? तर एक पिवळं घड्याळ, आणि खाली 'आपला व्यवहार प्रलंबित आहे'. प्रलंबित! आपल्याकडे हा शब्द कोर्टातल्या दाव्यांना लावतात हो. ज्याचे पैसे अडकलेत त्याला हा शब्द वाचून काय वाटत असेल?

खरं म्हणजे आत काय चालतं ते सांगण्यासारखं आहे. आपण पिन टाकला की ॲपकडून निरोप निघतो, एनपीसीआयच्या यंत्रणेतून आपल्या बँकेकडे जातो, बँक पैसे वजा करते, मग समोरच्याच्या बँकेला जमा करायला सांगितलं जातं, आणि तिचं उत्तर उलट्या वाटेने आपल्यापर्यंत येतं. यातलं शेवटचं उत्तर वेळेत आलं नाही की पैसे वजा झालेले असतात, पण जमा झाले की नाही हे त्या क्षणी ॲपला माहीत नसतं. खोटं कुणीच बोलत नसतं. पण "पैसे तुमच्या बँकेतून निघालेत, समोरच्या बँकेचं उत्तर यायचंय" असं साधं वाक्य पडद्यावर लिहायला काय हरकत आहे?

आमच्या मामांचं सांगते. ते मिरजेला असतात, वय ७३. मामींना दवाखान्यात ठेवलं होतं आणि डिपॉझिट म्हणून त्यांनी क्यूआर कोडवर १२,००० रुपये भरले. खात्यातून गेले, पण काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजोबा, आमच्याकडे आले नाहीत. ॲपमध्ये पिवळं घड्याळ. मामांनी मदत उघडली तर समोर चॅटबॉट. त्यात पाच पर्याय, आणि 'पैसे गेले पण मिळाले नाहीत' हा त्यात नव्हताच. फोन नंबर कुठे दिसेना. मग त्यांनी तेच केलं जे कुणीही करेल. ॲपचं नाव आणि 'कस्टमर केअर नंबर' असं गूगलवर शोधलं. जो नंबर मिळाला तो भामट्याचा होता.

तो माणूस अत्यंत गोड बोलत होता म्हणे. "अंकलजी, आप चिंता मत कीजिए." चार तास कुणीतरी आपलं ऐकून घ्यावं म्हणून धडपडणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल! त्याने मोबाइलचा पडदा दुसरीकडे दिसेल असं एक ॲप टाकायला सांगितलं. ते उतरत असतानाच माझा मामेभाऊ डबा घेऊन आला आणि त्याने फोन ओढून घेतला. नाहीतर पेन्शनचं खातं साफ झालं असतं.

ते १२,००० रुपये तिसऱ्या दिवशी आपोआप परत आले. म्हणजे कंपनीच्या हिशोबी सगळं वेळेत आणि नियमात झालं. तक्रार नोंदवली गेली नाही, फोन आला नाही, खर्च शून्य. मामांच्या दोन रात्री कुठल्याच तक्त्यात दिसणार नाहीत.

मला नेमकं हेच म्हणायचंय. पडदा बनवणारे एका मजल्यावर बसतात आणि तक्रारी ऐकणारे दुसऱ्या, बरेचदा दुसऱ्या गावातच. वरून सांगितलं जातं, कॉल कमी करा. कॉल कमी करायचे दोन मार्ग. एक, लोकांना प्रश्नच पडू नये इतकं स्पष्ट लिहायचं. दुसरा, नंबर लपवायचा. दुसरा एका दुपारचं काम आहे. आणि तक्त्यात दोन्हीची रेघ सारखीच खाली येते!

पण नंबर लपवला म्हणून लोकांची गरज संपत नाही. लोक दुसरीकडे शोधतात, आणि तिथे भामटे वाटच बघत असतात. म्हणून ही नुसती गैरसोय आहे असं मला वाटत नाही. पिन मजबूत ठेवायचा आणि मदतीचा नंबर सात पानं आत ठेवायचा, म्हणजे दाराला भलंमोठं कुलूप लावून खिडकी उघडी टाकण्यासारखं आहे.

यावर कंपनीवाल्यांचं उत्तर मला ठाऊक आहे. यूपीआयच्या व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, रोज कोट्यवधी व्यवहार होतात, प्रत्येकाला माणूस कुठून देणार? शिवाय अशी बरीचशी ॲपं स्वतः पैसे बाळगत नाहीत, ते बँकेतच असतात. मुद्दा खोटा नाही. पण प्रत्येकाला माणूस द्या असं मी म्हणतच नाहीये. बहुतेकांना एक खरं वाक्य पुरेल.

आणि ते वाक्य लिहायला लागणारी सगळी माहिती तयार आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्येच मुदती ठरवून दिल्या आहेत. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर पुढच्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर ५ दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करायची वाट न बघता! हे त्या पिवळ्या घड्याळाखाली मी तरी अजून कुठे वाचलेलं नाही. 'अमुक तारखेपर्यंत पैसे परत येतील, तोवर पुन्हा भरू नका, मदतीसाठी हा नंबर.' तीन ओळी आहेत. कूपनाला जागा आहे तर याला का नसावी?

पडदा बदलला की फसवणूक अवघड होते, हे काही माझं स्वप्नरंजन नाही. 'पैसे मिळतील, पिन टाका' असं सांगून लोकांना लुटायचा एक धंदा होता. समोरच्याकडे पैसे मागायची जी सोय होती, तिचाच वापर करून. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवणं एनपीसीआयने बंदच केलं. जे जनजागृतीच्या हजार मेसेजनी जमलं नव्हतं त्याची वाट एक सोय काढून टाकल्यावर बंद झाली. मग मदतीचा नंबर समोर आणणं तर किती सोपं!

तोपर्यंत घरच्या मंडळींसाठी चार गोष्टी लिहून ठेवते, फ्रिजवर चिकटवा. मदतीचा नंबर गूगलवर शोधायचा नाही, बँकेच्या कार्डामागचा किंवा पासबुकावरचा वापरायचा. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे अडकले तर व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक टिपून तक्रार आधी ॲपमध्येच नोंदवायची, आणि बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फसवणूक झालीच तर लाजत बसायचं नाही, ताबडतोब १९३० ला फोन करायचा.

असो. ही यादी खरं तर माझ्या फ्रिजवर नाही, त्या ॲपच्या पडद्यावर असायला हवी. पैसे घेताना ज्यांना एका सेकंदात बोलता येतं, त्यांना अडकल्यावर एक वाक्य बोलता येत नाही, हे मला पटत नाही. तुमच्याकडे कुणाचे असे पैसे अडकले होते का? तेव्हा पडद्यावर नेमकं काय लिहिलं होतं, ते शब्द जसेच्या तसे मला कळवा. मी जमवतेय.