पाचटाचा गोठा

आगमनकाळाचे आठवडे सरत आले की धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांच्या मुखावर एक प्रकारचा शीण दिसू लागतो. घराची रंगसफेदी, नेवऱ्या आणि कुळकुळांची तयारी, मुलांचे कपडे, गायनवृंदाच्या तालमी, पाहुण्यांची वर्दळ, या साऱ्यांत सण दाराशी येतो आणि मन मात्र कोरडेच राहते. "फादर, नाताळ आता मुलांचाच. आमच्या वयाला कसला आला आहे आनंद?" असे उद्गार आम्ही दरवर्षी ऐकतो. ते काढणारी माणसे श्रद्धाहीन नसतात. ती थकलेली असतात. आणि कित्येक घरांत त्या वर्षी एक जागा रिकामी झालेली असते. म्हणून त्यांना उपदेश करून गप्प बसविण्यापेक्षा त्यांच्या बोलण्याचा विचार करणे बरे.

आनंदाचा शोध घेत फिरणाऱ्याला तो क्वचितच सापडतो; हाती घेतलेल्या कामात मात्र तो अवचित भेटतो. संत लूकच्या शुभवर्तमानात तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता प्रथम मिळाली ती रानात रात्रभर कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. ते कोणताही उत्सव करीत नव्हते. आपले नित्याचे काम करीत होते.

आपण घरोघर गोठा मांडतो, त्या प्रथेचे मूळही असेच आहे. इ. स. १२२३ मध्ये असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो या गावी, नाताळपूर्वी सुमारे पंधरा दिवस, योहान नावाच्या एका गृहस्थास गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांची सिद्धता करावयास सांगितले. तान्ह्या बाळाला लागणाऱ्या साध्या वस्तूंवाचून प्रभूची किती गैरसोय झाली असेल, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे होते. गावचे लोक मशाली घेऊन आले, गव्हाणीपाशी मिस्सा झाली आणि फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाइले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चो येथे गोठ्याविषयीच्या आपल्या पत्रावर स्वाक्षरी केली. शुभवर्तमानात नसलेल्या आकृतीही मुले हौसेने गोठ्यात मांडतात, याचा त्यात जिव्हाळ्याने उल्लेख आहे. खरे पाहता बैल आणि गाढव तरी लूकच्या वृत्तान्तात कोठे आहेत? यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून ते आपल्या गोठ्यात आले आणि तेथेच रमले.

गेल्या नाताळात आमच्या देवळातील गोठ्याचे काम आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांवर सोपविले. आमचा भाग उसाचा. गवताऐवजी मुलांनी शेतातून पाचट आणले. बांबू चिरून देण्यासाठी धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ आले. पत्नीच्या निधनानंतरचा त्यांचा तो पहिलाच नाताळ होता. कांबी करून दिल्या की आपण घरी जाणार, असे त्यांनी आल्या आल्या बजावले होते.

देवळापलीकडील पडीक रानात त्या हंगामात बीडकडील ऊसतोड मजुरांची टोळी उतरली होती. तिच्यातील आठ-नऊ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन देवळाच्या नळावर पाणी भरावयास येत असे. गोठा दिसताच ती थबकली आणि म्हणाली, "ही तर आमचीच कोपी." मग तिने परीक्षकाच्या अधिकाराने एकेक उणीव सांगितली. चूल कोठे आहे? पाण्याची घागर कोठे आहे? बाळ खाली का ठेवले? मुंग्या लागतील, झोळी बांधा. बैलापुढे पाचट कशाला टाकता, त्याला वाढे द्या. आणि शेवटी तिने विचारले, "बैल एवढा लांब का? रात्री थंडी पडते. जवळ घ्या की."

बैल जवळ घेण्यात आला. वृद्ध गृहस्थांनी जुन्या लुगड्याच्या पट्टीची झोळी बांधली, मातीची इवलीशी घागर घडविली, आणि देवळाची घंटा वाजली तरी ते उठले नाहीत. घागरीचा काठ तिरपा झाला म्हणून मुले हसली, तेव्हा तेही हसले. त्यांचे दुःख तेथे संपले असे आम्ही म्हणणार नाही; पण नाताळ त्यांच्या घरी आला होता, आणि तो त्यांनी बोलाविलेला नव्हता.

त्याच संध्याकाळी मुलांनी आम्हांस विचारले, "फादर, त्या कोपीतले खरे बाळ थंडीत कसे झोपते?" या प्रश्नाला आमच्या शिकवणीच्या पुस्तकात उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलांनी घरोघरच्या गोधड्या आणि लोकरी कपडे गोळा केले. आम्ही मोठी माणसे त्यांच्या मागून रानात गेलो. तेथील मायबहिणींनी आम्हांला रिकाम्या हाताने परतू दिले नाही. गरम भाकरी आणि लसणाची चटणी हातावर ठेवली. धर्मशिक्षणाच्या बाई परत येताना म्हणाल्या, "फादर, सकाळी माझे डोके दुखत होते, ते आता आठवले."

मुलांच्या संगतीत हे घडते, कारण मुले गव्हाणीतील बाळाला खरे बाळ समजतात. त्याला थंडी वाजते, मुंग्या चावतात, भूक लागते, असे ती धरून चालतात. देव देहधारी झाला हे तत्त्व आम्ही सेमिनरीत वर्षानुवर्षे अभ्यासले. मुलांना त्याचा अर्थ गोधडीपर्यंत नेता येतो.

तथापि या आनंदाने एका गोष्टीवर पांघरूण पडू नये. दिवाळीच्या सुमारास सुरू होणारा ऊसतोडणीचा हंगाम मार्चपर्यंत, कधी त्याही पुढे चालतो. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. उचल अगोदरच घेतलेली असल्याने काम सोडून जाता येत नाही. आईबाप पहाटे फडावर गेले की धाकट्यांना सांभाळावयास थोरली मुलगी मागे राहते आणि तिची शाळा बुडते. साखरशाळा काही ठिकाणी चालविल्या गेल्या. सर्व मुलांपर्यंत त्या पोहोचल्या नाहीत. गोठ्यातील पाचटापुढे गुडघे टेकावयाचे आणि पाचटाच्या कोपीकडे पाठ करावयाची, हे आपणांस शोभणार नाही. आपल्या शिवारात टोळी उतरली असेल तर तिच्यातील मुले जवळच्या शाळेत बसू शकतील काय, याची चौकशी शिक्षकांकडे करणे आपल्या हातचे आहे.

म्हणून मातापित्यांना आमची एवढीच विनंती की यंदा बाजारातला तयार गोठा आणू नये. पाचट, माती, बांबू मुलांच्या हाती द्यावे आणि स्वतः त्यांच्याजवळ बसावे. गोठा वाकडा होईल, मेंढपाळाच्या खांद्यावर आपल्या धनगराची घोंगडी येईल, एखादी कोंबडीही आत शिरेल. मुलांचे प्रश्न मात्र ऐकून घ्यावेत आणि ते जेथे नेतील तेथे त्यांच्याबरोबर जावे.

बाळ येशू आपल्या सर्व कुटुंबांना, विशेषतः ज्यांच्या घरी यंदा एक जागा रिकामी आहे त्यांना, आपली शांती देवो.