मोफत तिसऱ्या पुड्याचे पैसे कोण भरतो?

धाराशिव जिल्ह्यातल्या ग्राहकांसाठी पत्रक

सोयाबीनची पट्टी हातात पडते आणि त्याच पंधरवड्यात दसरा-दिवाळीच्या ‘महाबचती’ची रंगीत पत्रके वर्तमानपत्राच्या घडीतून घरात येऊ लागतात. हा योगायोग नाही. या जिल्ह्यातला पैसा वर्षातून कधी हलतो, हे मोंढ्यातल्या आडत्याइतकेच मार्टच्या मालकालाही ठाऊक असते. धाराशिव शहरात तर झालेच, पण तुळजापूर, कळंब, उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावांतही आता ‘मार्ट’, ‘बझार’, ‘मॉल’ अशा पाट्या दिसतात. मोठी खरेदी असली की सोलापूर नाही तर लातूर गाठणारी कुटुंबेही आहेत. जाण्यायेण्याचे भाडे ‘बचती’तून वजा करायचे मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

या पत्रकाचे म्हणणे थोडक्यात असे: ऑफर बहुधा खोटी नसते, पण ती ज्या मालावर लावली आहे तेवढ्यापुरतीच खरी असते. तिचा खर्च दुकान ज्या मालातून काढते, त्याचा भाव ग्राहकाला माहीत नसतो.

साखर, तेल, तूरडाळ, चहा यांचे भाव घराघरात तोंडपाठ असतात. ऑफरच्या पत्रकाच्या पहिल्या पानावर हाच माल असतो आणि तो खरोखर स्वस्तही असतो, कधी खरेदीच्या भावात, कधी त्याहूनही खाली. तेवढ्यासाठी माणूस आत येतो. मग प्लास्टिकचे डबे, मसाल्याची पाकिटे, फरशी पुसायचे द्रव, मुलांची चॉकलेटे, अंथरुणाच्या चादरी यांच्या फळ्यांमधून वाट काढत काउंटरपर्यंत पोहोचतो. चादरीचा भाव कोणाला पाठ असतो? साखरेवर सोडलेले चार रुपये तिथे वसूल होतात. यात बेकायदा काही नाही, धंदाच आहे तो. फक्त त्याला बचत म्हणू नये.

बिलाच्या तळाशी ‘आज तुम्ही इतके रुपये वाचवले’ असा ठळक आकडा छापून येतो. कशाच्या तुलनेत वाचवले? एमआरपीच्या. एमआरपी म्हणजे कमाल किंमत. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, एवढेच कायदा सांगतो. ती किती असावी हे औषधांसारखे मोजके अपवाद सोडले तर कंपनीच ठरवते, आणि पुढे सूट द्यायची असेल तर आधी आकडा मोठा छापायला तिला कोणी अडवत नाही. गल्लीतला किराणावालाही अनेक वस्तू एमआरपीच्या खालीच देतो, तो फक्त फलक लावत नाही. तेव्हा खरी तुलना मार्टचा भाव आणि किराण्याचा भाव यांची व्हायला हवी. ती कोणत्याही बिलावर छापलेली नसते.

मोंढ्यात माल घालणारा शेतकरी हिशेबात कच्चा नाही. हमाली किती कापली, तोलाई किती, कडता कशाचा धरला, ओलावा किती दाखवला, पट्टीवरच्या ओळीओळीवर तो हुज्जत घालतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि आपल्याला त्यापेक्षा किती कमी मिळाले, हे त्याला रुपयानिशी सांगता येते. त्याच सोयाबीनचे तेल विकत घेताना मात्र घरातले कोणीच पुड्यात तेल किती आहे ते पाहत नाही.

तेलाचा हिशेब सविस्तर करण्यासारखा आहे. एक लिटर सोयाबीन तेल वजनाला सुमारे ९१० ग्रॅम भरते. पूर्वी खाद्यतेल, बिस्किटे, चहा, पीठ, साबण अशा १९ प्रकारच्या वस्तू ठरावीक मापांतच विकाव्या लागत. पॅकबंद वस्तूंच्या वैधमापन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही सक्ती काढून टाकली. तेव्हापासून लिटरच्या पुड्याशेजारी ८५०, ८००, ७५० ग्रॅमचे पुडे उभे राहू लागले. उंची, रंग, चित्र बहुतेक सारखेच. धरा की लिटरचा पुडा १४० रुपयांना आहे आणि शेजारचा ८०० ग्रॅमचा ‘ऑफर’मध्ये १२८ ला. हात आपोआप १२८ कडे जातो. किलोचा भाव काढला तर पहिला सुमारे १५४ रुपये आणि दुसरा १६०. बारा रुपये वाचवल्याच्या आनंदात किलोमागे सहा रुपये जास्त गेले. डब्याचेही तेच. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा दिसायला भावंडे, पण लिटरच्या डब्यात तेल भरते १३ किलो ६५० ग्रॅम. फरक १ किलो ३५० ग्रॅमचा, म्हणजे वरच्या भावाने दोनशे रुपयांच्या पुढे. दिवाळीच्या तळणीला डबा घेणाऱ्याने आधी ‘कि.’ की ‘लि.’ ते पाहावे, किंमत नंतर.

गंमत अशी की माप मोकळे करणाऱ्या त्याच दुरुस्तीने उताराही दिला होता. पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती पडले, ते छापणे बंधनकारक झाले. चांगला नियम, पण त्यातही एक फट राहिली. एक किलोपेक्षा लहान पाकिटावर ग्रॅमचा भाव छापायचा आणि मोठ्यावर किलोचा, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. त्यामुळे ७५० ग्रॅमच्या पाकिटावर ‘०.२८ रुपये प्रति ग्रॅम’ असते आणि दीड किलोच्या पाकिटावर ‘२७८ रुपये प्रति किलो’. कोणते स्वस्त? ०.२८ हा आकडा किलोला २७५ ते २८५ यांच्यामधला कोणताही भाव असू शकतो. दहा रुपये किलो इतका फरक एका दशांश चिन्हामागे लपतो. शिवाय हे सगळे मुंगीएवढ्या अक्षरात, घडीच्या खाली. वरच्या बाजूला ‘२०% जादा’ मात्र तळहाताएवढे.

‘दोनावर एक मोफत’ ही सूट पन्नास टक्के वाटते, असते तेहतीस. ‘२० टक्के अधिक २० टक्के’ म्हणजे चाळीस नव्हे, छत्तीस. ‘५० टक्क्यांपर्यंत’ या शब्दांतला ‘पर्यंत’ वाचायला भिंग लागते. आणि समजा, सूट पूर्ण खरी आहे. तरी ज्या घरात महिन्याला एक बाटली लागते तिथे तीन आल्या की कंपनीचे दोन महिन्यांचे गिऱ्हाईक बांधले गेले आणि घरातले दोन महिन्यांचे पैसे अडकले. जास्त असले की जास्त वापरलेही जाते. बिस्किटांच्या बाबतीत तर हे सांगायलाच नको.

जुनी किंमत फुगवून नवी स्वस्त दाखवण्याची चाल काही भारतातलीच नाही. इंग्लंडमध्ये टेस्को या सर्वांत मोठ्या सुपरमार्केट साखळीने २०११ च्या उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी ‘अर्ध्या किमतीत’ म्हणून १४ आठवडे विकली. चढ्या किमतीला ती विकली गेली होती जेमतेम आठवडाभर. २०१३ मध्ये बर्मिंगहॅमच्या न्यायालयाने कंपनीला ३ लाख पौंडांचा दंड केला. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्स आणि वूलवर्थ्स या दोन बड्या साखळ्यांना अशाच आरोपावरून न्यायालयात खेचले: थोडे दिवस भाव चढवायचे आणि मग ‘भाव उतरले’ची पाटी लावायची. युरोपीय संघात तर मे २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत हाच पाया धरावा लागतो. आपल्याकडे खोडून दाखवलेली किंमत म्हणजे बहुतेक वेळा एमआरपीच. त्या किमतीला कोणी, कधी माल घेतला होता का, हा प्रश्नच येत नाही.

तरी कायदा अगदी मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. काहीतरी फुकट दिल्याचा भास करायचा आणि त्याची किंमत पूर्ण किंवा काही अंशी त्याच व्यवहारात वसूल करायची, ही त्यात बसते. स्वस्तात विकायचा इरादाच नसलेला माल स्वस्त म्हणून जाहीर करणेही बसते. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढून ‘आमिष जाहिरात’ आणि ‘मोफत’चे दावे यांना स्वतंत्र कलमे दिली. साठा मर्यादित असेल तर तसे जाहिरातीत स्पष्ट सांगावे लागते. सकाळी दहाला ऑफरची साखर ‘संपली’ असे ऐकलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, असे केंद्राने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले आहे. तो नंबर पुढच्या ऑफरचे गळ टाकायलाच लागतो.

खरी स्वस्ताई नसतेच असे नाही. २६ जानेवारी २००६ रोजी बिग बझारने ‘सबसे सस्ता दिन’ साजरा केला आणि गर्दी इतकी लोटली की काही ठिकाणी दुकानाचे दरवाजे बंद करावे लागले. त्या साखळीचा पुढे कर्जाखाली शेवट झाला आणि २०२२ मध्ये तिच्या बऱ्याच जागा रिलायन्सने ताब्यात घेतल्या. २००२ मध्ये पवईतून निघालेल्या डीमार्टने वेगळी वाट धरली: जागा शक्यतो स्वतःच्या, पुरवठादाराला पैसे लवकर, सजावट बेताची, आणि सणाचा दिवस असो नसो, भाव रोजच खाली. माल स्वस्त देता येतो तो खर्च वाचवल्यामुळे. निव्वळ फलक बदलून किंमत कमी होत नाही. (तिथेही नको ते ट्रॉलीत पडतेच, पण तो दोष सगळा दुकानाचा नव्हे.)

गल्लीतल्या किराण्याला संत ठरवायचेही कारण नाही. उधारीच्या मालाला चढा भाव लागतो, पक्के बिल मागितले की चेहरा बदलतो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परांड्याकडे पुराने खरीप नेले, तशा वर्षी ‘लिहून ठेवा’ हे शब्द तिथेच चालतात. मार्टच्या काउंटरवर नाही.

धान्याच्या बाबतीत तर जिल्ह्यातल्या माणसाने पाकिटाकडे वळण्याचे कारणच नाही. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्यावर नाही, मोठ्या कट्ट्यावरही नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासद कुटुंबांचे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र खरेदी करते आणि वाटून देते. १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात महिला बचत गटांचे जाळे विणले गेले. अशा दहा घरांच्या गटाने मोंढ्यातून ज्वारीचा कट्टा, डाळमिलमधून तूरडाळ आणि किलोच्या मापाचा तेलाचा डबा एकत्र आणला, तर ती सूट कोणाच्या पत्रकाची वाट पाहत नाही.

जिल्ह्यातल्या प्रत्येक मार्टने फळीवरच्या चिठ्ठीवर, लहान-मोठ्या सगळ्या पाकिटांसाठी, किलोचा किंवा लिटरचा भाव ठळक लावावा, ही या पत्रकाची मागणी आहे. वैधमापन खात्याने दिवाळीच्या आधी फेरी मारून पाकिटांवरचे एकक भाव तपासावेत. ऑफरचा माल मिळाला नाही, ‘मोफत’ वस्तूचे पैसे लागले किंवा बिल नाकारले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागले नाही तर धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. ऑफरचे पत्रक आणि बिल, दोन्ही जपून ठेवा.