हलके विमान, जड जबाबदारी

अमेरिकेच्या संघराज्य विमान वाहतूक प्रशासनाने २०२५ च्या जुलैमध्ये ‘मोझेक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी नवी नियमावली जाहीर केली आणि हलक्या क्रीडाविमानांची व्याख्याच बदलून टाकली. धावपट्टीवरून उडणाऱ्या अशा विमानाचे वजन ६०० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि त्यात दोनच आसने असावीत, अशी मर्यादा २००४ पासून होती. नव्या नियमांनी वजनाची अट काढून टाकली. ज्या वेगाखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत, तो वेग किती कमी आहे, ही कसोटी तिच्या जागी आली. परिणामी अधिक वजनाची, चार आसनांची व अधिक गुंतागुंतीची विमाने या सवलतीच्या वर्गात येऊ शकतील. हौशी वैमानिकांच्या संघटनांनी या बदलाचे स्वागत केले, हे स्वाभाविकच होय. मात्र असे विमान कोणी उडवावे, हा प्रश्न जितक्या हिरिरीने चर्चिला जातो, तितक्या हिरिरीने त्याचे इंजिन कोणी उघडावे, हा प्रश्न चर्चिला जात नाही. वस्तुतः सुरक्षिततेच्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्याहून कमी महत्त्वाचा नाही.

२००४ च्या नियमांनी या बाबतीत एक धाडसी पाऊल टाकले होते. प्रवासी विमानांच्या देखभालीसाठी लागणारा प्रदीर्घ शिक्षणक्रम पूर्ण केलेल्या यंत्रज्ञाखेरीज एक नवा, मर्यादित अधिकारांचा दुरुस्तीकार त्यांनी निर्माण केला. प्रायोगिक वर्गातील हलक्या विमानाच्या मालकाला १६ तासांचा अभ्यासक्रम पुरा करून स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतःच करण्याची मुभा मिळाली. कारखान्यात तयार झालेल्या विमानांच्या देखभालीसाठी १२० तासांचा अभ्यासक्रम ठरविण्यात आला. दुरुस्तीचा अधिकार अशा रीतीने प्रमाणपत्रांच्या उंच मनोऱ्यावरून खाली, मालकाच्या अंगणात आला. हा बदल चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. परंतु जे यंत्र या मालकाच्या हाती आले, त्याचा स्वभाव समजल्याखेरीज या अधिकाराचे मोल कळत नाही.

या वर्गातील विमानांत ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे ९१२ मालिकेतील इंजिन जगभर वापरले जाते. जुन्या धाटणीची विमान-इंजिने आकाराने मोठी व गतीने संथ असत. त्यांचा दांडा मिनिटाला सुमारे २७०० फेरे घेई आणि पंखा थेट त्याच दांड्यावर बसविलेला असे. रोटॅक्सचे इंजिन आकाराने लहान असून ते मिनिटाला ५८०० फेऱ्यांपर्यंत जाते, तेही जास्तीत जास्त पाच मिनिटे. पंख्याला इतका वेग मानवत नाही. म्हणून मध्ये गिअरबॉक्स घालून तो कमी केला जातो. सिलिंडर हवेने थंड होतात, तर त्यांची डोकी द्रवाने. दोन कार्ब्युरेटर, दोन स्वतंत्र प्रज्वलन-यंत्रणा आणि तेलाची वेगळी टाकी, अशी त्याची रचना आहे. तेलाची पातळी पाहण्याची रीतही निराळीच. प्रज्वलन बंद असल्याची खात्री करून पंखा हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवीत राहावे लागते. टाकीतून गुडगुड आवाज आला, की सारे तेल परत आले, असे समजावे आणि मगच पट्टी बुडवावी. पंखा उलट फिरविला, तर तेलाच्या मार्गात हवा शिरण्याचा धोका असतो. मोटारगाडीचे तेल पाहणाऱ्या मनुष्याला जी गोष्ट क्षुल्लक वाटेल, तिच्यामागेही येथे एक नियम उभा आहे.

या इंजिनाची देखभाल म्हणजे प्रामुख्याने दिनदर्शिकेचे पालन होय. १०० तासांच्या तपासणीत तेल व त्याची गाळणी बदलावयाची. चुंबकी बुचावर धातूचे कण चिकटले आहेत काय, ते पाहावयाचे. दोन्ही कार्ब्युरेटर समतोल काम करतात, याची खात्री करावयाची. कारण त्यांच्यात मेळ नसेल, तर कंपने वाढतात आणि त्यांचा मार गिअरबॉक्सला सोसावा लागतो. इंधनाच्या, तेलाच्या व शीतकाच्या रबरी नळ्या दर पाच वर्षांनी बदलावयाच्या, मग विमान रोज उडालेले असो वा शेडमध्ये उभे असो. संपूर्ण उकल करून नव्याने बांधणी करण्याची मुदत या मालिकेतील अलीकडच्या इंजिनांसाठी २००० तास अथवा १५ वर्षे, यांपैकी जे आधी भरेल ते, अशी आहे. तासांच्या जोडीला वर्षांचीही अट आहे, याचा अर्थ स्पष्ट आहे. न वापरलेले यंत्र जपलेले राहते, हा समज चुकीचा आहे. उभ्या इंजिनात ओलावा साचतो, रबर कडक होते, इंधनाचा चिकट थर जमतो.

नजरेला न दिसणारा दोष कसा असतो, याचे एक उदाहरण बोलके आहे. या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची पातळी राखणारे छोटे फ्लोट असतात. त्यांपैकी काही फ्लोट इंधन शोषून जड होतात व बुडू लागतात, असे गेल्या दशकात आढळून आले. फ्लोट बुडाला, की इंधन प्रमाणाबाहेर येते आणि इंजिन खडखडू लागते. प्रसंगी ते बंदही पडू शकते. त्यावर कंपनीने काढलेल्या सूचनेत एका कार्ब्युरेटरमधील दोन फ्लोटांचे एकत्रित वजन ७ ग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशी कसोटी घालून दिली. अशा वेळी उपयोगी पडतो तो लहानसा तराजू, आणि ती सूचना वेळेवर वाचण्याची सवय. हातातील कौशल्याला येथे दुसरे स्थान आहे.

खरी अडचण येथेच आहे. पाच वर्षांची नळी बहुधा चांगलीच दिसते. ती बदलण्याचा खर्च मालकाने करावयाचा, ती बदलली पाहिजे की नाही हे मालकाने ठरवावयाचे आणि वार्षिक तपासणीच्या नोंदीखाली सहीही त्यानेच करावयाची, अशी व्यवस्था असेल, तर खर्च करणारा आणि परीक्षा घेणारा एकच होतो. मनुष्य अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे, तर आपल्या वस्तूविषयी तो आशावादी असतो म्हणून ही व्यवस्था धोक्याची ठरते. इंजिन केव्हाही बंद पडू शकते, म्हणून जेथे सुरक्षित उतरता येईल अशाच प्रदेशावरून उडावे, असा इशारा या वर्गातील प्रमाणपत्रविरहित इंजिनांच्या पुस्तिकेतच दिलेला असतो. तो इशारा दुर्लक्षाला माफी देणारा नाही.

मालकांची बाजूही न्याय्य आहे, हे मान्य केले पाहिजे. लहान विमानतळांवर पूर्ण परवान्याचा यंत्रज्ञ सहजी मिळत नाही. मिळाला, तरी जुन्या संथ इंजिनांवर ज्याचा हात बसला आहे, त्याला या वेगवान इंजिनाची लकब ठाऊक असेलच, असे नाही. आपल्या यंत्राशी रोज संबंध असणाऱ्या मालकाला त्याचा बदललेला आवाज आधी कळतो. तेव्हा अधिकार काढून घेणे हा उपाय नव्हे. त्या अधिकाराला दुसऱ्या डोळ्यांची जोड देणे, हा उपाय आहे.

भारताला हा विषय परका नाही. संरक्षण मंत्रालयाने २०१५ मध्ये वायुदल, नौदल व राष्ट्रीय छात्रसेनेसाठी १९४ ‘पिपिस्ट्रेल व्हायरस’ विमानांचा करार केला. त्यांत ८० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ इंजिन आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या ‘हंसा-एनजी’ने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये पहिले उड्डाण केले, तेही याच मालिकेतील इंजिनाच्या बळावर. म्हणजे महाविद्यालयातील छात्रसैनिक ज्या विमानात प्रथम आकाश पाहतो, त्याची सुरक्षितता याच नळ्यांवर व याच फ्लोटांवर अवलंबून असते.

येथे इंधनाचा प्रश्नही उभा राहतो. हे इंजिन शिसेविरहित पेट्रोलवर अधिक निकोप चालते. परंतु इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंतच असावे, अशी मर्यादा त्याच्या इंधनविषयक सूचनांत घातलेली आहे. आपल्याकडील पेट्रोलमध्ये ते प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या कारखान्यातून देशी विमान-पेट्रोल बाजारात आणले, हे चांगलेच झाले. पण त्यात शिसे असते. शिशाचा गाळ तेलात उतरतो आणि प्रामुख्याने असे इंधन वापरल्यास तेल १०० ऐवजी ५० तासांनी बदलावे लागते. परदेशी पुस्तिकेतील वेळापत्रक डोळे मिटून उतरवून चालणार नाही. त्यातील कोणता रकाना आपल्याला लागू पडतो, हे विचारपूर्वक ठरवावे लागेल.

अशा स्थितीत काय करावे, हे सांगणे कठीण नाही. मालकाच्या अथवा संस्थेच्या तपासणीवर वर्षातून एकदा तरी त्रयस्थ जाणकाराची सही असावी. दुरुस्तीकाराचे शिक्षण तासांत मोजण्यापेक्षा त्याने प्रत्यक्ष कोणती कामे करून दाखविली, यावर मोजावे. आणि नोंदवहीत झालेल्या कामाइतकीच राहून गेलेल्या कामाचीही नोंद असावी. अमेरिकेच्या नव्या नियमांनी आकाशाचे दार अधिक लोकांसाठी उघडले आहे. सवलतीमुळे वाचलेला पैसा इंजिनाच्या देखभालीतून कापला गेला, तर मात्र तो वाचलाच नाही, असे म्हणावे लागेल. कारण त्याची वसुली कोठे व कोणाकडून होईल, हे कोणत्याही नियमावलीला आधी सांगता येत नाही.