फी माफ झाली, पण खाणावळीचे काय?

मुलाला किंवा मुलीला पदवीपर्यंत शिकवायला किती पैसे लागतील, असे आपल्या व्यापारी बंधूंना विचारले तर बहुतेकजण कॉलेजच्या फीचा आकडा सांगतात. आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. हाच माणूस दुकानात मालाची किंमत धरताना नुसता खरेदीभाव धरीत नाही. हमाली धरतो, गाडीभाडे धरतो, घट धरतो, उधारीत अडकलेला पैसाही धरतो. मग मुलाच्या शिक्षणाच्या बाबतीत खरेदीभावावरच का थांबायचे?

याचा परिणाम दुसऱ्या वर्षी दिसतो. पहिल्या वर्षाची फी घरातले सोने मोडून, हातउसने घेऊन कशीबशी भरली जाते. पुढे खोलीचे भाडे, खाणावळ, बसचा पास, पुस्तके असा खर्च दर महिन्याला दारात उभा राहतो. दोन महिन्यांची खाणावळ थकते, मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी येतो आणि परत जात नाही. लोक म्हणतात, त्याला अभ्यास झेपला नाही. खरे कारण पुष्कळदा हे असते की बापाला महिना झेपला नाही. अशा अर्धवट सुटलेल्या शिक्षणाइतका तोट्याचा सौदा दुसरा नाही. पैसा गेला, दोन वर्षे गेली आणि हातात पदवीचा कागदही नाही. मागावर अर्धी विणून सोडलेली चादर कोणी विकत घेत नाही.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नमूद केले होते की देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांमागे एकच मुसलमान आहे. या आकड्याची कारणे अनेक आहेत आणि ती सगळी आपल्या हातात नाहीत. पण एक कारण आपल्या रोजमेळातले आहे आणि ते दुरुस्त करणे आपल्याला शक्य आहे.

मंदी आणि फी एकाच महिन्यात

सोलापूरच्या बाजाराची चाल आपल्याला पाठ आहे. लग्नसराई संपली, पाऊस लागला की गिऱ्हाईक आटते. गादी पिंजणाऱ्याला काम नसते, फेरीवाल्याची गाडी भिजते, चादर-टॉवेलचा उठाव थंडीपर्यंत मंदावतो. शिलाईवाल्यांचा गणवेशाचा हंगाम मात्र जूनमध्ये असतो, पण त्यांचीही वसुली मागून येते. आणि नेमक्या याच जून, जुलै, ऑगस्टमध्ये प्रवेश, फी, वसतिगृहाची अनामत आणि पुस्तके हे सारे एकदम येते. गल्ल्यात सर्वांत कमी पैसा असतो तेव्हा सर्वांत मोठे बिल येते.

मग शेकडा तीन रुपये महिना या दराने पैसा उचलला जातो. ५० हजार रुपयांवर महिन्याला १,५०० रुपये, सहा महिन्यांत ९,००० रुपये नुसते व्याज. मुद्दल तसेच उभे. दुसरा मार्ग म्हणजे धंद्याच्या भांडवलातून फी काढणे. त्याने दिवाळीचा माल कमी भरला जातो आणि कमाई घटते. दोन्ही वाटांनी पुढच्या वर्षीची फी आणखी कठीण होते.

पूर्ण वर्षांचा हिशेब

म्हणून पहिले काम हिशेबाचे. समजा, मुलगा पुण्याला तीन वर्षांच्या पदवीसाठी जाणार आहे. वाटणीच्या खोलीचे ३,५०० रुपये, खाणावळीचे ३,५०० आणि बस, फोन, वह्या, औषधपाणी मिळून २,००० असे महिना ९,००० धरले तर दहा महिन्यांचे ९० हजार होतात. तीन वर्षांचे २ लाख ७० हजार. फी वर्षाला २५ हजार असली तर तिचे तीन वर्षांचे ७५ हजार. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील, ते त्या गावी आधीच शिकणाऱ्या मुलांना विचारून लिहून घ्यावेत. पण राहण्या-खाण्याचा खर्च फीच्या कितीतरी पट होऊ शकतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

यावरून दुसरी गोष्ट ठरते. जो अभ्यासक्रम गावातच मिळतो त्यासाठी मुलाला बाहेर पाठवावे का? एके काळी सोलापूरची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २००४ साली सोलापूर जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने आहे. साधी बी. कॉम. किंवा बी. ए. करायची तर घरचे जेवण आणि सिटी बसचा पास पुरतो. वाचलेला पैसा, इथे न मिळणाऱ्या शिक्षणासाठी जाणाऱ्या भावंडाला लावता येतो.

मात्र घरी राहून शिकणाऱ्या मुलाचाही एक खर्च असतो आणि तो रुपयांत दिसत नाही, तासांत दिसतो. बाजाराच्या दिवशी त्याला दुकानात बसवले जाते, रमजानच्या गर्दीत महिनाभर कॉलेज बुडते. मुलीच्या वाट्याला घरकाम आणि लहान भावंडे येतात. मुलांनी हातभार लावू नये असे नाही. पण तास ठरलेले असावेत आणि परीक्षेच्या दोन महिने आधी ते बंद व्हावेत. भाड्याची खोली वाचवून हजेरी घालवली तर बचत कसली?

सरकारी मदत कुठपर्यंत पोहोचते

सरकारकडून काहीच मिळत नाही, असे म्हणणारे बरेच असतात. ते खरे नाही. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय करून, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. आपल्यातील मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी अशा अनेक जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जे त्या यादीत नाहीत, त्यांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला काढण्याची वाट मोकळी आहे.

अडचण येते ती कागदांची. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते आणि जमातीचा उल्लेख कोठेच नसतो. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो आजोबांच्या शाळेच्या नोंदीत, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत किंवा जमिनीच्या कागदात शोधावा लागतो. हे काम मुलगी दहावीत असतानाच सुरू केले पाहिजे. प्रवेशाच्या आठवड्यात ते होत नाही. ज्या घरी आई किंवा वडील नोंदणीकृत विडी कामगार आहेत, तेथे मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी कामगाराचे ओळखपत्र चालू ठेवावे.

काही दारे बंदही झाली आहेत. १९८९ साली स्थापन झालेले मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन केंद्र सरकारने २०२४ मध्ये गुंडाळण्याचा आदेश काढला. म्हणून जे चालू आहे त्याचा लाभ वेळेवर घेणे अधिकच गरजेचे.

पण एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. फीमाफीत खाणावळ येत नाही. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसा हाती पडेपर्यंत महिने जातात. मुलीची फी माफ होते आणि तरीही ‘तिला ठेवायचे कुठे, खर्च कसा भागवायचा’ या प्रश्नावर तिचे शिक्षण थांबते. माफीचा कागद फायलीत राहतो, मुलगी घरात राहते.

कर्जाचाही विचार करू. बँकेचे शैक्षणिक कर्ज केवळ फीसाठी नसते. वसतिगृह, पुस्तके आणि साधनेही त्यात धरता येतात. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. २००० साली स्थापन झालेले राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ वर्षाला तीन टक्के दराने शैक्षणिक कर्ज देते. ५० हजारांवर सहा महिन्यांचे हे व्याज ७५० रुपये होते. वर सांगितलेल्या खासगी कर्जाचे ९,००० होते. ‘तीन टक्के’ दोघांचेही, पण एक वर्षाचे आणि एक महिन्याचे. व्याजच नको, अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. त्यावर निवाडा देणे हे या पानाचे काम नाही. परंतु जो महामंडळाचे व्याज नाकारतो, त्याने अडचणीच्या वेळी बाजारातले शेकडा तीन पत्करू नयेत, एवढे म्हणता येईल. बिनव्याजी मार्ग हवा असेल तर तो आधी बांधून ठेवावा लागतो.

कोल्हापूरने काय बांधले?

या बाबतीत आपल्या शेजारचा जुना दाखला पाहावा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापूरच्या मुसलमानांना एकत्र बोलावून शिक्षण संस्था काढली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. त्यातून मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. महाराजांनी निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे काढली, कारण शाळा असूनही खेड्यातला गरीब मुलगा शहरात राहणार कुठे आणि जेवणार काय, ही खरी अडचण त्यांनी ओळखली होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुले काम करीत आणि शिकत. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. या थोरांनी पैसा मुलाच्या ताटात घातला, म्हणून मुले शाळेत टिकली.

आज आपण काय करतो? निकालानंतर सभागृह घेतो, गुणवंतांना शाल, घड्याळ आणि प्रमाणपत्र देतो, पाहुण्यांची भाषणे होतात. मुलांचे कौतुक जरूर व्हावे. पण ज्या मुलाच्या गळ्यात जुलैत हार पडला त्याची खाणावळ नोव्हेंबरमध्ये थकली की नाही, हे विचारायला कोणी जात नाही.

फिरता निधी

त्याऐवजी एक साधा मार्ग सुचवावासा वाटतो. प्रत्येक व्यापारी संघटनेने किंवा जमातीच्या नोंदणीकृत ट्रस्टने शिक्षणाचा फिरता निधी काढावा. २० व्यापाऱ्यांनी एकदाच १० हजार रुपये दिले तर २ लाख होतात. त्यातून दर जूनमध्ये दहा विद्यार्थ्यांना प्रत्येकी २० हजार बिनव्याजी द्यावेत. रक्कम शक्यतो थेट वसतिगृहाला किंवा खाणावळीला जावी. शिष्यवृत्ती आली की तिच्यातून आणि उरलेली वडिलांच्या दिवाळी व लग्नसराईच्या कमाईतून हप्त्याने परत यावी. पुढच्या जूनमध्ये तेच २ लाख पुन्हा दहा मुलांना उपयोगी पडतील. सत्काराला खर्चलेला पैसा एकदाच खर्च होतो. हा पैसा दरवर्षी कामाला येईल.

पैसा परत येणार नाही, अशी शंका लगेच निघेल. काही बुडेलही. परंतु उधारी बुडते म्हणून कोणी दुकान बंद केले नाही. दोन ओळखीच्या व्यापाऱ्यांची जामीनकी घ्यावी, वही चोख ठेवावी, वर्षातून एकदा हिशेब सर्वांसमोर वाचावा. आपल्याकडे भिशीची सवय घरोघर आहे. पुढे उचलणारा मागे हप्ता चुकवीत नाही, ही शिस्त आपल्याला ठाऊक आहे. तीच इथे वापरायची. मात्र भिशीचा व्यवहार मोठा झाला की १९८२ चा चिट फंड कायदा आड येतो, म्हणून मोठी रक्कम नोंदणीकृत संस्थेमार्फतच फिरवावी.

आणि प्रत्येक घराने स्वतःपुरते एक करावे. मूल दहावीत गेले की गल्ल्यातून रोज १०० रुपये वेगळे काढावेत आणि ते धंद्यात मिसळू नयेत. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३० हजार आणि बारावीपर्यंतच्या तीन वर्षांत ९० हजार होतात. म्हणजे वरच्या हिशेबातील पहिल्या वर्षाचे राहणे-खाणे आधीच हातात आले. ज्या कारागिराला १०० जमत नाहीत त्याने ३० काढावेत. उरलेल्यासाठी तर निधी आहेच.

मुलाची हुशारी ही अल्लाहची देणगी आहे, फीमाफी सरकारची. पण जूनपासून मार्चपर्यंत रोजची दोन वेळची भाकरी ही जबाबदारी घराची आणि समाजाची आहे. येत्या मे महिन्यात, निकालाच्या आधी, प्रत्येक संघटनेने आणि जमातीने या एका विषयावर बैठक घ्यावी. हार-तुऱ्यांची वर्गणी काढण्याआधी आपल्या पेठेतील किती मुले-मुली गेल्या दोन वर्षांत शिक्षण अर्धवट टाकून घरी बसली, त्यांची यादी करावी. त्यांच्यातली जी परत जाऊ शकतात, त्यांच्यापासूनच निधीची सुरुवात व्हावी.