उन्हाळ्यात मुलांना भाषण नको, तुमच्या दुकानातल्या 10 सकाळी द्या



दहावीचा शेवटचा पेपर झाला की आपल्याकडच्या मुलांना मोठी सुट्टी मिळते. विदर्भातल्या शाळा तर जूनच्या शेवटाकडे उघडतात. पण सायन्स की कॉमर्स, आयटीआय की डिप्लोमा, हा निर्णय होतो निकालानंतरच्या धावपळीत. आणि होतो कशावरून? टक्के किती पडले आणि शेजारच्या पोराने काय घेतलं, यावरून!

यावर करिअर शिबिरं होतात. 2023 च्या मे-जूनमध्ये राज्य सरकारने 288 विधानसभा मतदारसंघांसाठी छत्रपती शाहू महाराज युवाशक्ती करिअर शिबिरं घेतली. कल्पना चांगलीच आहे. पण माझं मत स्पष्ट आहे: मंडपात ऐकलेलं मूल विसरतं, डोळ्यांनी बघितलेलं काम विसरत नाही.

बघायला लांब जायची गरजही नाही. आपलं कुडवा गोंदियाला लागून. शहरात राईस मिल आणि मोठं रेल्वे जंक्शन, कुडव्यातच इंजिनिअरिंग कॉलेज. उन्हाळी धान आणि तेंदूपत्त्याचा हंगामही याच दिवसांत.

एक राईस मिलच घ्या. सरकारी भरडाईत 100 किलो धानामागे 67 किलो कच्चा तांदूळ परत द्यावा लागतो. उरलेलं कुठे जातं? कोंड्याचं तेल निघतं, तूस भट्टीत जळतं, कणीलाही गिऱ्हाईक असतं. ओलावा जास्त असला तर तांदूळ तुटतो आणि हिशोब बिघडतो. शेकडेवारी, मशीन, वाहतूक, बँक, सगळं एका छताखाली. हे बघितलेला मुलगा कॉमर्स घेईल किंवा मेकॅनिकल, पण कशासाठी घेतो ते त्याला माहीत असेल.

म्हणून व्यापारी मित्रांनो, तुमच्याकडे 10 सकाळी मागतो. सहा मुलामुलींचा गट, साडेसात ते दहा, ऊन चढायच्या आत घरी. चार ठिकाणं: एक मिल, एक किराणा होलसेल, एक गॅरेज, एक महिला बचत गट. प्रत्येक ठिकाणी दोन दिवस. रोज एक मूल गटप्रमुख; प्रश्न तोच विचारणार, वेळ तोच सांभाळणार. शेवटचे दोन दिवस गटाला 500 रुपये द्या. काय घ्यायचं, कितीला विकायचं, त्यांनीच ठरवायचं. नफा झाला तर वाटून घ्या, तोटा झाला तर का झाला ते सगळ्यांसमोर सांगा. माझ्या लेखी लीडरशिप म्हणजे हेच, माईक हातात घेणं नव्हे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मुलं शिकायला येतायत, फुकटचे नोकर म्हणून नाही. 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, 18 पर्यंत धोक्याचं काम चालत नाही. पोती उचलायला लावायची नाहीत, चालू मशीनपासून लांब ठेवायचं, पालकांची लेखी संमती घ्यायची.

पालक म्हणतील, "दुकानदारीचा नाद लागला तर अभ्यास कोण करणार?" अहो, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच सहावी ते बारावीच्या मुलांना सुट्टीतही असा प्रत्यक्ष कामाचा अनुभव देण्याची सूचना आहे. आणि दोन वर्षांची फी भरल्यावर "मला हे नव्हतं करायचं" ऐकण्यापेक्षा 10 सकाळी स्वस्तच पडतात.

"धंद्यात चांगली माणसं मिळत नाहीत," ही तक्रार मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकतो. बरोबर आहे. पण ज्या पोरांनी तुमचा धंदा आतून कधी बघितलाच नाही, ती नागपूर-पुण्याची गाडी पकडणारच ना? जायचं त्यांनी खुशाल जावं. फक्त इथे काय आहे ते बघून जावं.

मग येत्या मे महिन्यात तुमचं शटर किती सकाळी उघडं ठेवणार? कमेंटमध्ये आकडा लिहा.