बदकं, बोट आणि सहा घोडे

बाईक घ्यायला गेलेला मुलगा शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारतो, 'किती सीसी?' दुसरा, 'टॉप स्पीड?' ॲव्हरेजचा प्रश्न त्याचे बाबा विचारतात. आणि 'हिचं वजन किती?' हे कुणीच विचारत नाही. बाईकच्या बाबतीत ते खपून जातं. बोटीच्या बाबतीत खपत नाही.

आता मध्येच बोट कुठून आली? सांगते. माझा मावसभाऊ अमेरिकेत, अर्कान्सा राज्यातल्या बेंटनविलला असतो. वॉलमार्टचं हेडऑफिस तिथलंच, त्यामुळे आयटीतल्या देसी मंडळींचा राबता भरपूर. गेले दोन हिवाळे हा दादा टीममधल्या एका अमेरिकन कलीगबरोबर बदकांच्या शिकारीला जातोय. (लगेच भुवया उंचावू नका आणि बंदूकही शोधू नका. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आपण भिगवणला जायचं ते दुर्बीण घेऊन.) तिथं मात्र लायसन्स, सीझन, दिवसाला किती पक्षी, सगळं ठरलेलं असतं. अर्कान्साच्या पूर्व भागात अफाट भातशेती. हिवाळ्यात खाचरं आणि ओकची जंगलं पाण्याखाली जातात आणि उत्तरेकडून आलेली मॅलार्ड बदकं तिथं उतरतात. तिथल्या स्टुटगार्ट गावात तर १९३६पासून बदकाचा आवाज काढायची स्पर्धा होते. खरंच!

तर दादाने यंदा स्वतःची सेकंडहँड बोट घेतली. चौदा फुटी, ॲल्युमिनियमची, सपाट तळाची, पुढून चौकोनी. तिकडे हिला जॉन बोट म्हणतात. मोटर नव्हती. कलीग म्हणाला, माझी जुनी पंचवीस हॉर्सपॉवरची इव्हिनरूड पडून आहे, स्वस्तात घेऊन जा. दादा खूश! 'पंचवीस घोडे, कळतंय का तुला?' रात्री साडेअकराला फोनवर हा प्रश्न. मी खरेदीवर कॉलम लिहिते म्हणून माझ्याकडून त्याला फक्त शिक्कामोर्तब हवं होतं.

मी विचारलं, 'दादा, बोटीवरची पट्टी वाचलीस का?'

अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर कंपनीला एक पट्टी लावावीच लागते. किती माणसं, किती वजन, जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर. दादा टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेला आणि वाचून दाखवू लागला. मोटर १५ एचपीपर्यंत. माणसं ४०० पौंड. माणसं, मोटर आणि सामान मिळून ६०० पौंड, म्हणजे साधारण २७२ किलो. पंचवीस घोडे तिथंच लंगडे झाले.

मग आम्ही हिशोब मांडला, अगदी वाण्याच्या वहीसारखा. दादा ६५ किलो, कलीग ९५. छातीपर्यंत येणारे रबरी वेडर, थंडीचे कपडे, दोन बंदुका, काडतुसं मिळून २५. पाण्यावर तरंगत ठेवायची दोन डझन खोटी बदकं, त्यांच्या दोऱ्या-वजनांसकट २०. आणि कलीगचा लॅब्रेडॉर ३०. झाले २३५. उरले किती? सदतीस! त्यात मोटर आणि पेट्रोल बसवायचं. कलीगची मोटर एकटीच पन्नास किलोंच्या वर, शिवाय बॅटरी, शिवाय पेट्रोलची टाकी.

'बरं, मग पंधराची घेतो. पट्टीत बसते ना?' हॉर्सपॉवरमध्ये बसते रे, वजनात नाही! इथं एक गंमत आहे. मोटर कंपन्या एकच ब्लॉक वेगवेगळ्या ताकदीला विकतात. टोहात्सूची ९.९, १५ आणि २० ही तिन्ही मॉडेल्स एकाच ३३३ सीसी इंजिनावर आहेत. वजन चाळीस किलोंच्या पुढेच. म्हणजे 'छोटी' ९.९ घेऊन दादाचं एक किलोही वाचत नाही. खरी उडी त्याच्या खालच्या पायरीवर आहे. त्याच कंपनीच्या ४, ५ आणि ६ एचपीच्या मोटरी १२३ सीसीच्या, वजन २६ किलोंच्या आसपास. दोरी ओढून सुरू होणाऱ्या, म्हणून बॅटरी नको. पाच लिटर पेट्रोल म्हणजे जेमतेम चार किलो. एकूण २६५. सात किलो शिल्लक, थर्मास आणि नांगरासाठी.

सहा घोडे म्हटल्यावर दादाचा चेहरा मला फोनवरूनही दिसला. 'अगं, सायकलने जातील लोक!' जातील. एवढ्या ओझ्याला सहा एचपीची मोटर पाण्यावर उचलून पळवणार नाही, बोट पाणी कापत तासाला आठ-नऊ किलोमीटरने जाईल. त्याची शिकारीची जागा धक्क्यापासून तीन किलोमीटर. म्हणजे वीस-बावीस मिनिटं. पंचवीसने सात-आठ. सगळा झगडा या पाव तासाचा! तो पहाटे काळोखात जागा पकडायला हवा असतो, हे मला मान्य आहे. पण गजर पाव तास आधी लावला की प्रश्न मिटतो. एरवी मोटर फक्त नेऊन सोडते. ती बंद करून बोटीचा वेग पूर्ण थांबल्याशिवाय बदकावर गोळी झाडायची नाही, असा तिथला संघराज्याचा नियमच आहे.

आणि वजनावर मी अडून बसले त्याला कारण आहे. मोटर मागे, तिचा दांडा धरणारा माणूस मागे, टाकी मागे. सपाट बोटीची मागची कड मुळातच बुटकी, ती पाण्याला टेकायला येते. वेगात असताना अचानक थ्रॉटल सोडला की आपलीच लाट मागून येते आणि कडेवरून आत शिरते. बाहेर जानेवारीचा काळोख, पाणी बर्फासारखं. अशा पाण्यात पडल्याबरोबर श्वासाची लय सुटते, पाच-दहा मिनिटांत बोटं वळेनाशी होतात. पोहता येतं की नाही हा मुद्दा फार उशिरा येतो. अमेरिकन कोस्ट गार्डच्या आकडेवारीत बुडून मेलेल्या दहांतल्या आठांहून अधिक जणांनी लाईफ जॅकेट घातलेलं नसतं. दादाचं जॅकेट कुठं होतं? 'बोटीत आहे ना, सीटखाली.' मावशीला सांगू का, एवढंच विचारलं मी.

चिखलात चालणाऱ्या मड मोटरचं भूत त्याच्या डोक्यात होतं, ते लवकर उतरलं. लुइझियाना-अर्कान्साच्या दलदलीत ती राणी खरी, पण वजनदार आणि कर्कश. दादाची वाट बहुतेक खोल पाण्यातून आहे. शेवटचे शंभर मीटर मोटर वर उचलून काठीने ढकलायचं. बाकी दोनच गोष्टी दुकानात बघायच्या. बोटीची मागची पाटी पंधरा इंची असेल तर शॉर्ट शाफ्टच घ्यायचा, वीस इंची लाँग शाफ्ट तळाला घासत राहतो. आणि मोटर चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडतेय ना, हे बघायचं. ती थांबली की समजायचं, थंड करणाऱ्या पाण्याच्या जाळीत गवत अडकलंय. पाण्यावर भाताच्या काडांत हे रोजचंच. लाल दोरीची किल स्विच मनगटाला बांधणं तर एप्रिल २०२१पासून कायद्यानेच आलंय, आणि तो तीन एचपीपासून पुढे लागू आहे. सहा घोड्यांनाही सूट नाही.

इव्हिनरूडवरून आठवलं. ओल इव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला विस्कॉन्सिनचा मेकॅनिक. गर्लफ्रेंडला आइस्क्रीम हवं म्हणून तो उन्हात तळ्यापार वल्ही मारत गेला, परतेपर्यंत आइस्क्रीम वितळलं, म्हणून त्याने मोटर बनवली अशी गोष्ट सांगतात. १९०९मध्ये बाजारात आलेली त्याची मोटर दीड हॉर्सपॉवरची आणि तब्बल २८ किलोंची होती. आजची सहाची तिच्यापेक्षा हलकी! त्याच्या नावाच्या मोटरी बनवणं कंपनीने २०२०मध्ये थांबवलं.

दादा शनिवारी सहाची बघायला जाणार आहे. कलीगला 'तुझी मोटर नको' हे कसं सांगायचं, यावर त्याचं अजून चाललंय. मी म्हटलं, सरळ पट्टीचा फोटो पाठव. आणि कलीगला दुसरंही विचार, कुत्रा दर वेळी आणायलाच हवा का?